चार कानांचं शिंग

आप्पांनी हात वर केला तसे आम्ही दोघे होतो तिथेच खाली बसलो. गवत वाळून पिवळं पडलं होतं आणि त्याची कुसळं पँटीतून आत टोचत होती, पण खाजवायची सोय नव्हती. माझ्या डाव्या हाताला इंद्रजीतदादा, मांडीवर आजोबांची बंदूक घेऊन. दोन पावलं पुढे तरवडाच्या झुडपाआड आप्पा. आणि त्यांच्यापुढे दीडशे पावलांवर, माळाच्या उतारावर, सात हरणी आणि एक काळवीट.

"किती?" दादानं कुजबुजत विचारलं.

आप्पांनी पंजा हलवून आवाज बंद ठेवायची खूण केली.

दादा म्हणजे माझा मालक. उजनीच्या पाण्याकाठी त्याची केळीची बाग आहे आणि मी त्याची जीप चालवतो. वयानं तो माझ्याहून चार वर्षांनी लहान. तोंडावर मी त्याला अहो-जाहो करतो, इथे लिहिताना एकेरीच लिहिणार आहे. तेवढी मोकळीक मला असू द्या.

त्याच्या बंगल्याच्या बैठकीत काळविटाचं एक मुंडकं टांगलेलं आहे. खाली पितळी पट्टी, तिच्यावर 'तेवीस इंच' असं कोरलंय. त्याच्या आजोबांनी, म्हणजे थोरल्या मालकांनी, शिकारीला बंदी नव्हती त्या काळात मारलेलं. शेजारी फोटो आहे. मालक बंदूक टेकवून उभे आहेत आणि कडेला कुणाचा तरी नुसता खांदा आलाय. तो खांदा आमच्या आप्पांचा, माझ्या चुलत्यांचा. तेव्हा ते अठरा वर्षांचे होते आणि मालकांना नर दाखवून द्यायचं काम त्यांच्याकडे होतं. येणारा प्रत्येक पाहुणा आधी त्या शिंगांकडे बघतो आणि थोरल्या मालकांचं नाव काढतो. नातवाचं कुणी काढत नाही. दादाला ते वर्षानुवर्षं सलत होतं. त्याला तेवीसच्या वरचं शिंग पाहिजे होतं.

आता काळविटाला हात लावला तर सरळ तुरुंग, हे त्याला कळत नव्हतं असं नाही. पण ज्याला कुणी कधी नाही म्हटलेलं नसतं, त्याला कायदा हा दुसऱ्यांसाठी असतो असं वाटतं. "तुझ्या चुलत्याला घेऊन ये," तो मला म्हणाला. "न्हायतर सोमवारपासून चावी दुसऱ्याकडं."

घरात बायको, पायलची सातवीची शाळा, म्हातारी आई. मी मान खाली घालून आप्पांकडे गेलो. ते शेळ्या बांधत होते. सगळं ऐकून त्यांनी एवढंच विचारलं, "कवा जायाचं?"

"आप्पा, न्हाय म्हना की. माझं मी बगतो."

"मी न्हाय म्हनलं तर दुसरं कुनी दावंल. दुसऱ्याला काय, जे दिसंल ते दावंल." आणि पुन्हा शेळ्यांकडे वळले.

जोतीराम आप्पांच्या नावावर जमीन नाही, शिक्षण नाही, मूलबाळ नाही. होती ती नजर. नर लांबून बघायचा आणि शिंगाचं माप सांगायचं. एकदा विहिरीत पडून मेलेल्या काळविटाची शिंगं वनखात्याच्या साहेबांनी टेप लावून मोजली, तर आप्पांनी आधी सांगितलेल्या आकड्यात अर्ध्या इंचाचाही फरक पडला नाही. तेव्हापासून उन्हाळ्यातल्या जनावरांच्या मोजणीला खातं त्यांना बोलावून न्यायचं. खाकी टोपी दिली होती. ती घालून ते लग्नालासुद्धा जायचे.

ती नजर त्यांनी मला लहानपणी शिकवायचा प्रयत्न केला. "कान म्हंजी आपली पट्टी. सा इंच धर. शिंग किती कानांचं भरतंय ते बग. काळ्या रंगाला भुलू नगं, पीळ मोज. दोन पीळ म्हंजी पोरगं, चार पीळ म्हंजी बाप्या. आन् फाकल्यालं शिंग नेहमी आखूड दिसतं, शेजारी-शेजारी असल्यालं लांब दिसतं. फसायचं न्हाय."

मी तरवडाच्या फांदीतून बघत होतो. पाठ तव्याच्या बुडासारखी काळी, पोट पांढरंशुभ्र. शिंगं फाकलेली. पीळ चार. मी कान धरला आणि मनातल्या मनात शिंगावर ठेवत गेलो. एक, दोन, तीन, चार, आणि वर थोडं उरलंच. असा नर मी आयुष्यात पाहिला नव्हता.

"आप्पा, मला तर चार कान दिसत्यात," दुर्बिणीतून बघत दादा म्हणाला. कानाचं गणित त्यानं फोनवर कुठेतरी वाचलं होतं. "चोवीस होतंय की हो!"

आप्पांनी मागे हात केला आणि दुर्बीण मागितली. जन्मात त्यांनी दुर्बीण डोळ्याला लावली नव्हती. बराच वेळ बघत राहिले.

"चार कान हायेत," ते म्हणाले. "पर कान बारका हाय."

"म्हंजे?"

"आईवर गेलंय. त्या हरनीचा बी कान असाच. पाच इंच बी भरायचा न्हाय. पाच चोक वीस. लई झालं तर वीस."

"आणि फाकलीत किती बघा ना!"

"फाकल्यालं शिंग मोठं दिसतं, मालक. डोळ्याला फशिवतं."

हे धडधडीत उलटं होतं. आप्पा खोटं बोलत होते, आणि तेही त्यांच्या एकुलत्या एका विद्येत.

दादानं दुर्बीण त्यांच्या हातातून घेतली आणि माझ्यापुढे धरली. "अभ्या, तू बग. तू ह्यांच्याच हाताखाली वाढलास. कान बारका हाय का?"

मी दुर्बीण लावली. काळवीट एकदम अंगावर आल्यासारखं जवळ दिसलं. कान चांगला लांबरुंद होता, त्यावर माशी बसली होती आणि तो हलवून ते तिला उडवत होतं. खरं सांगितलं तर चावी माझ्याकडे राहणार होती. खोटं उघडं पडलं तर चावी तर जाणारच, वर दादाचा राग आयुष्यभर. आप्पा माझ्याकडे बघतही नव्हते. बघितलं असतं तर बरं झालं असतं.

"बारकाच हाय, दादा," मी म्हणालो. माझा आवाज मलाच अनोळखी वाटला.

दादानं दात आवळले. "मरू दे. एवढं आलोय तर मोकळ्या हातानं जायाचं न्हाय." त्यानं बंदूक खांद्याला लावली. हरणी चरत होत्या. काळविटानं मान वर केली आणि आमच्या बाजूला बघायला लागलं. पळ की, मी मनात म्हणत होतो, पळ की बाबा. ते पळेना.

आप्पा वळले नाहीत. गवताची काडी तोडत सावकाश म्हणाले, "मारा की. बंदूक तुमची हाय. पर थोरल्या मालकांच्या शेजारी टांगलं की येनारा-जानारा म्हनंल, नातवाचं बुटकं."

दादाचं बोट घोड्यावर होतं. नख दाबून पांढरं पडलेलं मला दिसत होतं. कुठेतरी लांब मोटर पंपाचा आवाज चालू होता.

मग नळी हळूहळू खाली आली.

"वीस इंच घिऊन काय करू," दादा पुटपुटला. बंदूक मांडीवर ठेवून त्यानं मोबाइल काढला, दुर्बिणीला लावून एक फोटो घेतला. तेवढ्या हालचालीनं हरणी उसळल्या आणि सगळा कळप उड्या मारत उताराखाली दिसेनासा झाला. मार्गशीर्षातली थंडी होती, तरी आप्पांच्या मानेवरून घाम ओघळत होता.

गोठ्यापाशी त्यांना सोडताना दादा जीपमध्ये फोनवर बोलत बसला. मी पाणी प्यायच्या निमित्तानं उतरलो. "आप्पा, खरं किती?"

"साडेचोवीस." तांब्या माझ्या हातात देत ते म्हणाले. मग पुन्हा बोलले, "थोरल्या मालकास्नी बैठकीतलं त्ये मीच दावलं हुतं. तवा खरं सांगितलं हुतं."

प्रकरण तिथं मिटलं असतं. पण तो फोटो दादानं पुण्याच्या एका दोस्ताला पाठवला, आणि आठ दिवसांनी भर सकाळी त्यानं मला जीप आमच्या गावच्या पारापाशी उभी करायला लावली. आप्पा पारावर बसले होते, डोक्यावर खाकी टोपी. बिभीषणच्या हॉटेलात चहाला दहा-बारा माणसं होती.

"आप्पा, त्या दिवशी वीस म्हनलासा न्हवं?" दादा सगळ्यांना ऐकू जाईल असा बोलला. "फोटोवरनं मापलंय मानसानं. चोवीसच्या वर जातंय. हे कसं काय?"

कशाचं वीस नि कशाचं चोवीस, हे कुणाला सांगावं लागलं नाही. कपबशांचा आवाज थांबला. मला दोनच वाटा दिसत होत्या. आप्पा मुद्दाम खोटं बोलले असं ठरलं, तर त्यांच्याबरोबर मीही संपलो. आणि चुकून बोलले असं ठरलं, तर आप्पा संपले.

आप्पांनी दादाकडे बघितलं. मग नजर किंचित बाजूला सरकवली, दादाच्या खांद्यावरून कुठेतरी, नीट न दिसणाऱ्या माणसासारखी.

"मालक, खरं सांगू का? मोतीबिंदू हाय. दोन वर्सं झाली. लाज वाटत हुती म्हनून कुनाला बोललो न्हाय."

"मग दोन वर्सं मोजणीला जाऊन काय शेळ्या मोजल्या व्हय?" दादा म्हणाला.

सगळे हसले. बिभीषण सगळ्यात जास्त हसला. त्याच्या दावणीचा बोकड आप्पांनीच पारखून दिला होता, आणि तो दर बाजारात त्याची फुशारकी मारायचा. आप्पाही थोडे हसले. मला कुणाचं तरी नरडं धरावंसं वाटत होतं.

दादा माझ्याकडे वळला. "आन् तू? तू बी बारका कान म्हनलास की."

"मला काय कळतंय, दादा," मी म्हणालो. "आप्पा म्हनले म्हनून म्हनलो. मला तर सगळी सारखीच दिसत्यात."

त्याशिवाय दुसरं काय बोलणार होतो, असं मी स्वतःला पुष्कळदा सांगून पाहिलंय. पण चारचौघांत आप्पांवर शेवटची माती मी लोटली, हे खरं आहे.

माझी चावी माझ्याकडेच राहिली. दादाच्या त्या बोलण्याची बातमी वनखात्यापर्यंत गेली आणि माळावर रोजची गस्त सुरू झाली. त्यानंतर तो फिरकला नाही. त्या साली मोजणीची यादी लागली तेव्हा आप्पांना कुणी विचारलं नाही. आंधळ्या माणसाला मोजायला कोण बोलावणार? टोपी खुंटीला गेली.

चैत्रात एका सकाळी रस्त्यावर काळवीट मरून पडल्याची बातमी आली. रात्री मालट्रकनं उडवलं होतं. मी गेलो तर गर्दी जमलेली. अंकिता मॅडम म्हणून नव्या वनरक्षक आल्या होत्या, त्या पंचनामा लिहीत होत्या. मी लांबूनच शिंगं ओळखली. आप्पा शेळ्या मागे सोडून आधीच येऊन उकिडवे बसले होते.

"आप्पा ना तुम्ही?" मॅडमनी मोजायची टेप बाहेर काढता काढता विचारलं. "तुम्ही म्हणे नुसतं बघून सांगायचात. सांगा बरं, किती असेल?"

मागे कुणीतरी खुसखुसलं. एक आकडा, आणि टेप लगेच साक्ष देणार होती. सगळं गाव समोर होतं, बिभीषणसुद्धा होता. सांगा, आप्पा, मी मनात म्हणत होतो, आता तर जनावर गेलंय, आता कुणाची भीती?

आप्पांनी हात पुढे करून चाचपडत शिंग शोधलं. टोकापासून बुडापर्यंत बोटं एकेका पिळावरून खाली आणली. मग हात कानावर गेला, तो त्यांनी दोन बोटांत धरला आणि क्षणभर धरूनच ठेवला.

"दिसत न्हाय, बाई," ते म्हणाले.

मॅडमनी टेप लावली. "साडेचोवीस," त्या स्वतःशीच म्हणाल्या आणि लिहून घेतलं.

परतताना आम्ही दोघेच होतो, पुढे शेळ्या. मला राहवेना. "आप्पा, आज सांगायला काय झालं हुतं? आज तरी—"

"त्याच्या मागं एक हाय," आप्पा म्हणाले. "तांबूस हाय अजून, दोनच पीळ पडल्यात. पर कान मोठा हाय. तीन-चार वर्सात बापाच्या फुडं जाईल." वाटेतला धोंडा न बघताच ओलांडून ते पुढे म्हणाले, "माझं डोळं बरं झालं म्हनल्यावर दादा येतील की परत. आन् न्हेतील की मला."

मला रडू आलं. त्या दिवशी पारावर बोललो त्याबद्दल माफी मागायची होती, पण शब्द जुळेनात, आणि आप्पा तर शेळ्यांना हाकारत सरळ चालले होते, ताठ, त्या खाचखळग्याच्या वाटेवर एकदाही पाय न अडखळता.

वळणावर गाव दिसायला लागलं. पारावर माणसं बसली होती. आप्पा थांबले, काठी डाव्या हातात घेतली आणि उजवा हात माझ्यापुढे केला.

"धर," ते म्हणाले.

मी हात धरला आणि त्यांना सावकाश पारापुढून नेलं.