मोटारीची खांदशेकणी

मी एक जुनी विलायती मोटार आहे, आणि अजून चालते. हे आधीच सांगून टाकते, कारण जुन्या वस्तूनं तोंड उघडलं की आता रडगाणं येणार असं लोकांना वाटतं. मित्रांनो, मी रडणार नाही. पण कुणाचं झाकणारही नाही.

माझा जन्म समुद्रापारच्या एका कारखान्यातला. मला घडवणाऱ्या शंभर माणसांपैकी एकालाही माझ्या गादीवर बसायला मिळालं नसेल. मुंबईहून आगगाडीच्या उघड्या वाघिणीतून मी नागपूरला आले आणि मनोहररावांच्या दारात उभी राहिले. मनोहरराव मोठे मालगुजार. पारशिवनीकडे त्यांची गावं, आणि सीताबर्डीच्या चढावर बंगला. माझे पितळी दिवे आणि मऊ कातडी गाद्या बघायला फाटकाशी गर्दी जमे. मालक मिशीवर हात फिरवून म्हणत, "राणी हाय राणी!" या राणीच्या पोटात काय चाललंय, ते मात्र त्यांनी एकदाही वाकून पाहिलं नाही.

ते पाहायचा नत्थूजी. आधी तो मालकांची दमणी, म्हणजे बसायची हलकी बैलगाडी, हाकायचा. मी आले, दमणी कोपऱ्यात गेली, बैल गावी गेले, आणि या माणसानं चाळिशीत लोखंड शिकून घेतलं. अक्षर येत नव्हतं, पण माझा एकेक स्क्रू त्याला तोंडपाठ. मला चालवायला होता भैयाजी, पितळी बटणांच्या कोटातला. शाबासकी भैयाजीला मिळे, कारण तो दिसायचा. नत्थूजी माझ्या खाली पडलेला असायचा. खाली पडलेल्या माणसाला कोण शाबासकी देतं?

बैल सांभाळलेल्या माणसाला ऋतू कळतात. होळी झाली की तो माझी पाण्याची टाकी खळखळून धुई, कारण इथलं वैशाखाचं ऊन लोखंडालाही उकळी आणतं. मृगाच्या आधी टप आणि काचा. पोळ्याच्या तोंडावर ब्रेक, कारण तोवर दोन महिन्यांची काळी माती चाकांत शिरून बसलेली असे. दसऱ्याला इंजिनाचं तेल. दर वेळी मालकांशी तीच झकझक.

"काहून गा नत्थू, चांगली चालून राहिली ना गाडी? मग काहून खोलतं?"

"चालून राहिली म्हणूनच पाहतो जी. बंद पडल्यावर पाहाले त भैयाजीही पुरते."

भैयाजीचं तोंड वाकडं होई. मला आतून गुदगुल्या होत.

आता त्या साली काय झालं ते ऐका. पोळ्याच्या आदल्या दिवशी नत्थूजीनं माझी चारी चाकं काढली. हातब्रेक आधी तपासून, आवळून घेतला. तो वेगळा असतो. तो चाकांना नाही, मधल्या दांड्याला धरतो. चाकांचे ब्रेक अर्धे साफ झाले तेव्हा दुपार कलली. गावी त्याची स्वतःची जोडी होती, आणि पोळ्याला शेतकरी आपल्या बैलांपासून दूर राहत नाही. "परवा येतो. तोवर गाडी हलवू नका," असं मालकांना दोनदा बजावून तो गेला.

त्या संध्याकाळी आमच्याकडे बैलांची खांदशेकणी असते. वर्षभर जू वाहून घट्टे पडलेल्या खांद्यांना हळद-तूप लावायचं, पळसाच्या पानानं शेकायचं, आणि उद्याच्या जेवणाचं आवतन द्यायचं. मालकांची म्हातारी आई, जिजाबाई, दर साली हे आपल्या हातानं करी. पण आता बंगल्यात बैल कुठं होते? ती वाटी घेऊन माझ्यापाशी आली. चाकं निघालेली, आतले ब्रेकचे वाकडे, झिजलेले तुकडे उघडे. तिला ते थेट बैलाचे खांदेच दिसले.

"किती घासलं वं माय," म्हणत ती खाली बसली आणि चारी बाजूंना कोमट हळद-तूप चोळलं. "आज आवतन घे, उद्या जेवाले ये."

मित्रांनो, इतक्या मायेनं मला कुणी हात लावला नव्हता. आणि इतका घात कुणी केला नव्हता. मला बोलता आलं असतं तर!

पोळा झाला. दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा, म्हणजे लेकरांचा, लाकडी बैलांचा. मालकांना लेकरांपुढं मिरवायचं होतं. "चाकं बसव," म्हणाले. भैयाजीनं आत न पाहता बसवली.

उतारावर त्यानं ब्रेकवर पाय दिला. काहीच नाही. पुन्हा दिला. तूपच ते, धरेल कशाला? खाली लेकरांची रांग, हातात बैलांच्या दोऱ्या. मागून मालक ओरडले. भैयाजीनं दोन्ही हातांनी हातब्रेक ओढला. माझी हाडं कडकडली, मी फरफटले आणि थांबले. एका चिमुरडीपासून वीतभर. तिच्या लाकडी बैलाचं शिंग तेवढं माझ्या चाकाखाली मोडलं. ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, "तुमची मोटार आंधळी हाय का जी?"

आंधळी मी नव्हते, पोरी.

दुपारी नत्थूजी गाठोडं घेऊन परतला, तर मालक ओट्यावर वाटच पाहत होते. "नत्थ्या! ब्रेकात तेल सांडून सणाले पळाला! लेकरं मेली असती! उचल गाठोडं, चालता हो!"

नत्थूजीनं गाठोडं खाली ठेवलं. चाक काढलं, आत बोट फिरवलं, वास घेतला. पिवळं बोट. त्याला कळलं. नोकरी एका नावावर अडली होती, आणि ते नाव त्यानं घेतलं नाही. एवढंच म्हणाला, "हे मशीनचं तेल नोहे, मालक."

जिजाबाई काठी टेकत खाली आली. तिनंही वास घेतला.

"हे माह्या हातचं तूप हाय," ती म्हणाली. "खांद वाटलं मले. चुकी माही. पण मनोहर, हलवू नका म्हणून हा दोनदा सांगून गेला, मी आयकलं. चाकं कोणाच्या हुकमानं बसली?"

माफी मालकांनी मागितली नाही. ते शिक्षण मालगुजारांना कुणी देत नाही. पण त्या दिवसापासून माझं चाक उघडं असलं की लाटसाहेब आला तरी मी हलत नाही, हा बंगल्याचा कायदा झाला. आणि नत्थूजीनं त्या पोरीच्या बैलाला नवं शिंग बसवून दिलं.

पुढच्या खांदशेकणीला जिजाबाई पुन्हा आली, वाटी पदराआड धरून, बिचकत. नत्थूजीनं तिच्या हातात ग्रीसचा डबा दिला आणि माझ्या कमानी दाखवल्या, म्हणजे चाकांजवळच्या वाकड्या पोलादी पट्ट्या, ज्यांवर माझं सारं ओझं असतं.

"माय, हे खरे खांद. इथं चोळा."

"आन् तुपाचं काय करू गा?"

"तूप मले द्या."

म्हातारी इतकी हसली की काठी पडली.

आज बारा वर्षं झाली. माझा रंग उडालाय, गादी फाटलीय, पण ऋतू चुकलेला नाही. तुमच्या घरी सायकल असेल, शिवणाचं यंत्र असेल, विहिरीचा रहाट असेल. त्याला हळदकुंकू जरूर लावा. पण आधी त्याच्या खाली पडून राहणाऱ्या माणसाला विचारा, की याचे खांदे कुठं आहेत. आणि तो "हलवू नका" म्हणाला, तर मिरवणूक उद्यावर टाका.