सतीच्या शिळेवरचं लाल पाणी

बाहत्तरच्या दुष्काळात शहराच्या लष्करी छावणीपलीकडच्या आमच्या गावातल्या विहिरी आटल्या, पण सतीच्या शिळेला पाणी कधी कमी पडलं नाही. त्या सोमवारी तिथं पाय ठेवायला जागा नव्हती. कचरू भगताची परीक्षा सोपी होती. शिळेला हळद फासायची आणि विधवेनं तिच्यावर तांब्या ओतायचा. पाणी पिवळं राहिलं तर बाई शुद्ध. लाल झालं तर नवऱ्याशी बेइमान, मग तिनं जमीन दिराच्या नावावर करून गाव सोडायचं. आधीच्या दोघींचं पाणी पिवळं राहिलं होतं. त्यांच्याकडे जमीनच नव्हती.

भगत सांगत होता, की सतीमाई हसत हसत सरणावर बसली, जाळ तिला फुलांसारखा लागला. त्याला स्वतःला कधी चुलीचा चटकाही बसला नसावा. त्या बाईच्या वाट्याची जमीन पुढं कुणी खाल्ली, हे तो सांगत नसे.

आज चतुराबाईची पाळी होती. नवरा गेल्यापासून ती शहरातल्या नव्या इमारतींवर चुना कालवायला जाई. शहर वाढत वाढत तिच्या शेताच्या बांधाला भिडलं होतं आणि दीर सखारामाला ते शेत हवं होतं. मानकरी म्हणून शिळेला हळद त्यानंच फासली, दोन्ही हातांनी.

मी शाळामास्तर. हे थोतांड आहे एवढं कळत होतं, पण भर गर्दीत बोलायचं धाडस होईना.

चतुराबाईनं भगतानं दिलेल्या तांब्यात बोटं बुडवून चोळली. भेगाळलेल्या बोटांना ते झोंबलं. ती शिळेकडे गेलीच नाही. वळली आणि अख्खा तांब्या सखारामाच्या हातांवर रिकामा केला. पिवळे तळवे बघता बघता लाल झाले.

"भगत, आता बोला," ती म्हणाली. "ह्यो कुणाशी बेइमान हाय?"

भगत पुटपुटला, की परीक्षा फक्त बायांची असते. पण सखारामाची बायको गोजरबाई पुढं आली होती. तिचा भगतावर पुरा विश्वास होता.

"नाव सांगा तिचं," ती नवऱ्याला म्हणाली.

"कुणी नाय गं! चुन्याची निवळी हाय ती. कचरूनंच तांब्यात घातली."

हळदीला चुना लागला की ती लाल होते, बस्स. सखाराम भावजयीच्या पाया पडला. लोक म्हणाले, जाऊ दे, घरचाच माणूस आहे.

"माझं पाणी लाल झालं असतं, तर तुम्ही जाऊ दिलं असतं का?" तिनं विचारलं, आणि तांब्या घेऊन थेट पोलीस ठाण्यात गेली. दोघांनाही बेड्या पडल्या. मला फार बरं वाटलं, ते लपवत नाही.

वाचकहो, कुणी बाईची परीक्षा मांडली, तर ती आधी मांडणाऱ्याला द्यायला लावा.