अडकित्त्याने कातरलेलं चॉकलेट

रविवारी दुपारी जेवणं उरकून घर जरा पेंगुळलं, की मागच्या पडवीतून अडकित्त्याचा आवाज यायचा. सुपारीचा आवाज कोरडा आणि कडक असतो. हा तसा नव्हता. हा मऊ, जरासा चोरटा आवाज होता, आणि त्याच्या पाठोपाठ धुपाच्या, हिंगाच्या, सारवलेल्या जमिनीच्या वासांत कुठूनतरी वाट चुकून आलेला एक परका, गोडसर, करपट सुगंध दरवळायचा. वेणूआत्या चॉकलेट कातरत असायची. हिवाळ्यातलं तिरपं ऊन तिच्या लाल आलवणावर पडून समोरची भिंत तांबूस व्हायची, आणि त्या उजेडात माझ्या वडिलांच्या पानाच्या तबकातला पितळी अडकित्ता तिच्या बोटांत उघडायचा, मिटायचा. हरभऱ्याच्या डाळीएवढा तुकडा पडला पाहिजे, त्याहून मोठा नको की लहान नको, यावर तिचा कटाक्ष असे. संध्याकाळी अण्णा पान लावायला बसले की सुपारीला चॉकलेटचा वास येतो म्हणून घर डोक्यावर घेत.

अण्णा म्हणजे माझे वडील, नगरच्या कोर्टात कारकून. आणि वेणूआत्या त्यांची धाकटी बहीण. बाराव्या वर्षी तिचं लग्न झालं, चौदाव्या वर्षी वैधव्य आलं, आणि त्यानंतरची पंचवीस-सव्वीस वर्षं ती आमच्या स्वयंपाकघरात अशी राहिली, की घरातल्या माणसांना तिच्या हाताची चव ठाऊक होती पण चेहरा नीट आठवत नव्हता. मी तेव्हा नऊ-दहा वर्षांची. मला तिची आठवते ती हाताची पाठ. चुलीची धग, तव्याचा ताव, माझ्या अंगातला ताप, सगळं ती हाताच्या पाठीने पारखायची. क्षणभर हात धरायची, डोळे मिटायची आणि जे सांगायची ते कधी चुकायचं नाही. आपल्या पारखीवर एवढा भरवसा असलेल्या या बाईला दोन वर्षं एका माणसाने फसवलं, आणि ते कळलं त्या दुपारी मला जो धक्का बसला, तो इतकी वर्षं झाली तरी ओसरलेला नाही.

त्या माणसाचं नाव इमामभाई. भिंगारच्या कॅम्पात गोऱ्या साहेबांसाठी एक हॉटेल होतं, तिथला हा आचारी. लढाईचे दिवस होते, नाना देशांचे सोल्जर तिथे उतरत, आणि त्यांतल्याच कुणा अमेरिकन साहेबाने त्याला अक्रोड आणि चॉकलेटचे तुकडे घातलेली बिस्किटं शिकवली होती. अण्णांनी त्याला कसलासा अर्ज लिहून दिला होता. त्याची आठवण ठेवून दिवाळीला तो बिस्किटांचा डबा घेऊन मागच्या दारी आला. अण्णांनी तोंडभर आभार मानले, आणि त्याची पाठ वळताच डबा टांगेवाल्याला देऊन टाकायला सांगितलं. पण मधल्या चार क्षणांत वेणूआत्याने झाकण उघडून दीर्घ श्वास घेतला होता. वास घेतल्याने काही बाटत नाही, असा तिने मनाशी निवाडा केला असावा. पुढच्या वेळी तो आला तेव्हा दाराआडून तिने विचारलं, "इमामभाई, हे घरी करता येईल का हो?"

अशी त्यांची शाळा सुरू झाली. मागच्या दारी पारिजातकाखाली धुण्याचा दगड होता, त्यावर इमामभाई बसायचा. आत्या उंबऱ्याच्या आत. तो सांगायचा, ती करायची. हॉटेलात अंडं घालतात, तिथे तिने सायीचं घट्ट दही घातलं. हॉटेलची तांबडी साखर आणायची कुठून, म्हणून तिने गूळ बारीक किसून मंद परतून घेतला. मैद्याऐवजी गव्हाचं पीठ फडक्यातून चारदा चाळलं. भट्टी म्हणजे वाळूने भरलेलं घमेलं, त्यावर ताटली, ताटलीवर उपडी परात आणि परातीवर निखारे. अक्रोड कवचातले म्हणून सोवळ्यात चालले. चॉकलेटचं काय करावं, हा पेच दोन दिवस पडला होता. शेवटी कॅम्पाच्या बाजारातून ते चांदीच्या कागदात घट्ट गुंडाळलेलं येतं, तेव्हा त्याला कुणाचा हात लागलेला नाही, असं आत्यानेच ठरवलं. शास्त्र्यांना विचारायला कोण जातंय!

मोठी गंमत चाखण्याची होती. आमच्या घरचं इमामभाईने खाल्लेलं चालायचं. त्याच्या हातचं आम्ही खाल्लेलं चालत नव्हतं. हे इतकं अंगवळणी पडलेलं होतं की त्यात काही वावगं आहे असं त्यालाही वाटत नसे, आम्हालाही नाही. त्यामुळे आत्याला आपलं बिस्किट कसं लागतं ते ठाऊक होतं, पण मूळ हॉटेलातलं कसं लागतं ते कळायला काहीच मार्ग नव्हता. हात तिचा आणि जीभ त्याची, अशी ती वाटणी होती. केळीच्या पानाच्या तुकड्यावर बिस्किट ठेवून ती ते उंबऱ्याबाहेर सरकवायची. तो ते उचलायचा, कानाजवळ नेऊन मोडायचा, कसं मोडतंय ते ऐकायचा, मग तोंडात टाकून डोळे मिटायचा. पारिजातकाची फुलं त्याच्या टोपीवर पडायची, आणि आत उंबऱ्याशी आत्या श्वास रोखून बसलेली असायची.

"झ्याक झालंय बाई," तो म्हणायचा. "पन अजून कायतरी कमी हाय."

"काय कमी आहे?"

"ते सांगता येत न्हाई. जिभेला कळतंय."

या प्रकाराला अण्णांनी कशीबशी परवानगी दिली होती, पण एका अटीवर. ती त्यांनी दारात उभं राहून, इमामभाईच्या देखत, खणखणीत आवाजात सांगितली होती. "वेणू, हा ज्या दिवशी बरोबर म्हणेल त्या दिवशी हा खेळ बंद. घमेलं माळ्यावर जाईल. माझ्या घराचं हॉटेल करायचं नाही." इमामभाईने खाली मान घालून ऐकून घेतलं. नंतर भांडी घासताना मी आत्याला विचारलं, की मग तू मुद्दाम थोडं बिघडवत का नाहीस, म्हणजे बंद व्हायचं नाही? ती माझ्याकडे बघतच राहिली.

"बंद झालं तर होऊ दे," ती म्हणाली. "पण एकदा बरोबर झालं पाहिजे. माझ्या हातून एक गोष्ट पुरी झालेली मला बघायची आहे गं."

दोन वर्षं ती त्या एका शब्दामागे लागली. कधी अक्रोड भाजून घातले, कधी कच्चे. कधी लोणी दोनदा धुतलं. कधी मिठाचे चार कण वाढवले. उन्हाळ्यात चॉकलेट हाताला चिकटायचं म्हणून ते पहाटेच रांजणाजवळ गारव्याला ठेवू लागली. आणि बघता बघता तिच्यात एक बदल होत गेला, जो घरात कुणाच्याच ध्यानात आला नाही. ती काम करताना गुणगुणू लागली. बोलता बोलता हातवारे करू लागली. आईने एकदा भाजीत मीठ जास्त पडलं म्हटलं, तर चक्क म्हणाली, "नाही हो वहिनी, मीठ बरोबर आहे, आज तुमची जीभ बरोबर नाही." शनिवार आला की तिच्या पावलांना घाई व्हायची, आणि रविवारी संध्याकाळी 'कमी हाय' ऐकून ती हिरमुसायची, पण मोडून पडायची नाही. सोमवारी पुन्हा पीठ चाळायला बसायची. मला मात्र इमामभाईचा राग यायचा. एवढा कसला चोखंदळ लागून गेलाय, असं वाटायचं.

मग लढाई संपली, कॅम्पातले गोरे हळूहळू जाऊ लागले. एका रविवारी इमामभाई आला नाही. पुढच्याही रविवारी नाही. आत्याने पानाचा तुकडा मांडून ठेवला होता, तो वाळून गेला.

तिसऱ्या रविवारी दुपारी पारिजातकाखाली एक तरुण बाई येऊन उभी राहिली. डोक्यावरची ओढणी घट्ट धरलेली, हातात पत्र्याचा डबा. तिने आपलं नाव जैबुन सांगितलं, इमामभाईची मुलगी म्हणून सांगितलं, आणि मग शांतपणे म्हणाली, "अब्बा गेले. चार दिस झाले. ताप डोक्यात गेल्ता."

आत्याच्या हातातला अडकित्ता खाली पडला. फरशीवर त्याचा जो आवाज झाला तो ऐकून आई बाहेर आली, झोपेतून उठून अण्णाही पडवीच्या दारात येऊन उभे राहिले.

"बसा ना तुम्ही," आत्या कशीबशी म्हणाली. जैबुन दगडावर बसली आणि तिने डबा उंबऱ्याबाहेर ठेवला. "आजारी पडायच्या आदल्या दिसी केलीत ही. म्हनले, बाईंना दे. त्या खानार न्हाईत, पन दे."

आत्या डब्याकडे बघत होती. मग तिने जे विचारलं ते ऐकून मला तिची लाज वाटली. माणूस गेलाय आणि ही काय विचारते! "काय कमी होतं, ते काही सांगून गेले का?"

जैबुनने मान हलवली. "न्हाई."

आत्याने उंबऱ्याबाहेर हात घातला. झाकण उघडलं. त्या बिस्किटांत अंडं असतं हे तिला ठाऊक होतं, ती कुणाच्या हातची आहेत हे तर सगळ्यांनाच ठाऊक होतं. लाल आलवणातल्या त्या बाईने, जिने पंचवीस वर्षं बाहेरचं पाणीही घेतलं नव्हतं, एक बिस्किट उचललं, कानाजवळ नेऊन मोडलं, आणि तोंडात टाकलं.

"वेणू!" अण्णा ओरडले. आईने तोंडावर पदर धरला. देवाचं काहीतरी फुटलं की जशी धडकी भरते तशी मला भरली.

"थांब अण्णा," ती डोळे मिटूनच म्हणाली. "मला चाखू दे."

तिने सावकाश चावलं, गिळलं, पुन्हा एक तुकडा घेतला. मग डोळे उघडले. तिच्या चेहऱ्यावर दुःख नव्हतं. होतं ते निव्वळ आश्चर्य, भोवंडून टाकणारं.

"कमी ह्यात आहे," ती म्हणाली. "माझ्यात काही कमी नाही."

आणि जैबुन हसता हसता रडू लागली. "अब्बा बी तेच म्हनायचे! पयल्या सालापासनं म्हनायचे, बाईंनी मला मागं टाकलं. मी म्हनायची, मंग सांगत का न्हाई त्यांना? तर म्हनायचे, बरोबर हाय म्हनलं की अण्णासाहेब घमेलं माळ्यावर टाकतील. बाई मंग काय करतील गं?"

अण्णांचा चेहरा मी त्याआधी कधी तसा पाहिला नव्हता आणि नंतरही नाही. ते बराच वेळ दाराची चौकट धरून उभे होते. आत्या मात्र भडकली. "दोन वर्षं!" ती म्हणाली, "दोन वर्षं मी एका शब्दासाठी जीव टाकला, आणि त्या माणसाने तो पहिल्या वर्षीच खिशात ठेवला होता!" तिला काय झालं होतं ते मला तेव्हा कळलं नाही. आता कळतं. कुणीतरी आपल्यावर एवढी माया केली, आणि ती करताना आपल्याला हवं होतं तेच नेमकं दिलं नाही, याचा राग कुणावर काढायचा हे तिला सुचत नव्हतं.

डबा रिकामा परत पाठवायचा नाही, ही आमच्या घरची रीत. इमामभाईची बिस्किटं आत्याने काढून घेतली, आणि त्या दुपारी आधीच भाजून झालेली आपली त्यात भरली. एक जैबुनच्या हातात दिलं. जैबुनने ते खाल्लं. सवयीने आत्याच्या तोंडून निघून गेलं, "कसं झालंय?"

"बरोबर हाय," जैबुन म्हणाली.

ज्या शब्दासाठी तिने दोन वर्षं पीठ चाळलं होतं तो असा आला, आणि वेणूआत्या उंबऱ्यावर बसून हमसून हमसून रडली. इतक्या वर्षांत तिला रडताना मी त्याच दिवशी पाहिलं.

ती आंघोळीला गेली नाही. प्रायश्चित्ताचं कुणी नाव काढलं नाही. अण्णांनी फरशीवरचा अडकित्ता उचलला, धोतराच्या सोग्याने पुसला, आणि आपल्या तबकात न ठेवता पडवीतल्या फळीवर, पिठाच्या डब्याशेजारी ठेवला. पुढे ते बाजारातून आणलेली कातरलेली सुपारी खात. घमेलं माळ्यावर गेलंच नाही. दर रविवारी निखारे पडत राहिले, आणि कुणी कितीही वाखाणलं तरी आत्या म्हणायची, "छे, अजून काहीतरी कमी आहे," आणि पारिजातकाकडे बघून गालात हसायची.

आता तो अडकित्ता माझ्याकडे आहे. विजेची भट्टी आहे, बाजारात हवं ते चॉकलेट मिळतं, तरी मी ते त्यानेच कातरते. मऊ आवाज होतो, भिंतीवर ऊन येतं, आणि बिस्किटं अगदी तिच्या हातच्यासारखी होतात. मुलं, नातवंडं खाऊन मोकळी होतात, सगळं बरोबर आहे म्हणतात. ते ऐकलं की मी जराशी थांबते, मागच्या दाराकडे बघते. काळाने माझ्या पदरात सगळं काही घातलं. फक्त दगडावर बसून, डोळे मिटून, मायेने खोटं बोलणारं ते माणूस तेवढं नेलं.