कोपऱ्यातलं नाव

दोऱ्याचं एक टोक शालिग्रामने अंगठ्याखाली दाबलं, दुसरं अमृतने भिंतीच्या पार त्या कडेला धरलं. निळीत बुडवलेला दोरा ताणून शालिग्रामने मधोमध टिचकी मारली आणि पांढऱ्या भिंतीवर सरळ निळी रेघ उमटली. समोर जमलेल्या कॉलेजच्या पोरांनी फोनवर ते टिपून घेतलं. रेघ मारायला आपला हात अजून चालतो, या विचाराने शालिग्रामला बरं वाटलं आणि लगेच बरं वाटल्याची लाजही वाटली.

भिंत प्लायवुडची होती, जळगावच्या कला महोत्सवासाठी मुद्दाम उभी केलेली. लग्नघराच्या दर्शनी भिंतीवर नवरा-नवरीची नावं, गणपती, केळीचे खांब रंगवायची रीत फ्लेक्स आल्यापासून मागे पडली. ती लोकांना पुन्हा बघायला मिळावी असा बेत होता. भाविका नावाची एक चटपटीत मुलगी महिनाभर खेडोपाडी हिंडून जुन्या भिंतींचे फोटो काढत होती. तिला सगळ्यात आवडलेल्या अकरा भिंतींच्या कोपऱ्यात एकच नाव होतं : शालिग्राम पेंटर, पारोळा. तिने नंबर शोधून फोन लावला. शालिग्राम एका दमात हो म्हणाला. त्या अकरा भिंतींवरचं एकही अक्षर त्याचं नव्हतं.

अक्षर अमृतचं. अमृत जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर. नोकरीत असताना असलं जोडकाम उघडपणे करायची सोय नव्हती, म्हणून दोघा मित्रांनी मिळून ठरवलं की नाव शालिग्रामचं टाकायचं. शालिग्राम कामं आणायचा, भिंत चुन्याने पांढरी करायचा, दोरा मारायचा, अमृतने काढून दिलेल्या केळीच्या पानांत हिरवा रंग भरायचा आणि शेवटी ब्रश धुवायचा. अमृत रविवारी सायकलवर यायचा आणि लिहायचा. तो निवृत्त झाला त्या वर्षी नाव बदलायला हवं होतं. पुढच्या लगीनसराईपासून नक्की, असं शालिग्राम म्हणत राहिला, आणि अमृत ‘राहू दे रे’ म्हणत राहिला. पुढे लगीनसराया आल्या, कामं आली नाहीत.

सकाळी दोघे त्यांचा जुना मित्र रतिलाल याच्या गाडीतून निघाले तेव्हा शालिग्रामने मनाशी पक्कं केलं होतं : एरंडोलला चहाला थांबू, तिथे नावाचा विषय काढायचा. एरंडोलला रतिलालनेच तोंड उघडलं.

"आज आपला शालिक मोठा कलाकार शे. पहिला कप त्याले द्या रे."

तिघेही हसले. अमृत तर अगदी मनापासून. रतिलालला सगळं ठाऊक होतं, त्यामुळे ते बोलणं शालिग्रामला जास्तच लागलं. त्याने चहा पिऊन टाकला. माइकवर बोलायला लावतील तेव्हाच सांगू, चारचौघांत सांगितलं म्हणजे अमृतलाही मान मिळेल, असं त्याने स्वतःला समजावलं.

आणि आता भाविकाने माइक त्याच्या तोंडासमोर धरला होता.

"काका, इतकं देखणं अक्षर कुठे शिकलात?"

समोर शे-दीडशे माणसं. शालिग्रामने अमृतकडे पाहिलं. अमृत ब्रशचे केस बोटांनी सरळ करत होता.

"असंच," शालिग्राम म्हणाला. "करत करत."

"आणि हे काका तुमचे मदतनीस का?"

शालिग्राम नुसता हसला. नाही म्हणायला त्याला तेवढाच वेळ होता आणि तो त्याने हसण्यात घालवला. मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात तो म्हणाला,

"अमृत, मना हात आते थरथरस. तूच लिख."



अमृतने चष्मा नाकावर सारला आणि लिहायला घेतलं. आधी गणपती, एका रेषेत, ब्रश न उचलता. मग ‘शुभविवाह’. दोन्ही हात लागले की तो ब्रश दातांत धरायचा, तशी त्याची जुनी सवय. हळूहळू पोरांची कुजबुज थांबली. शालिग्रामने शेकडो वेळा पाहिलेलं ते काम, पण आज पहिल्यांदाच बघतोय असा तो बघत राहिला. शेवटी उजवा कोपरा उरला आणि अमृत गुडघ्यावर बसला. शालिग्राम घाईने त्याच्याजवळ वाकला.

"तठे तुनं नाव लिख."

‘शालिग्राम’ लिहून झालं होतं. ‘पेंटर’मधल्या पहिल्या अक्षरावर ब्रश होता आणि तो थांबला नाही.

"मनं नाव लिखानी हातले सवयच नही रे," अमृत म्हणाला.

टोमणा असता तर शालिग्रामने तो सोसला असता. तो ताडकन उठला आणि त्याने भाविकाच्या हातातून माइक घेतला.

"ऐका. हे अक्षर याचं आहे. आजचं आणि त्या फोटोंमधलंही. मी फक्त दोरा मारला आणि ब्रश धुतले. नाव माझं लागत गेलं, ते चुकलं."

मग टाळ्या सुरू झाल्या. मागची माणसं उठून उभी राहिली. भाविकाचे डोळे भरून आले होते.

"बघा," ती माइक परत घेऊन म्हणाली, "स्वतःची कला मदतनिसाच्या पदरात टाकायला केवढं मोठं मन लागतं!"

"नाही, अहो, मी खरंच सांगतोय," शालिग्राम म्हणाला, पण माइक त्याच्याकडे नव्हता, आणि पुढच्या रांगेत ज्यांना ते ऐकू गेलं त्यांनी आणखी जोरात टाळ्या वाजवल्या.

रतिलाल मान खाली घालून उभा होता. अमृत मात्र ब्रश दातांत धरून, दोन्ही हातांनी, सगळ्यांबरोबर टाळ्या वाजवत होता. शालिग्राम त्याच्याजवळ गेला, दातांतला ब्रश हळूच काढून घेतला आणि धुवायला पाणी कुठे आहे ते शोधू लागला.