नव्वद व्होल्टची देवी

जऊळक्याच्या स्टेशनामागे पाय ठेवायला जागा नव्हती. झटकेबाबाच्या मांडवात शालीनं झाकलेल्या चौरंगावर देवीचा पितळी मुखवटा बसवला होता आणि त्याच्यापुढे जमिनीवर तांब्याचा पत्रा अंथरला होता. गावात वीज अजून आली नव्हती. कंदिलापलीकडे लोकांची मजल नव्हती, त्यामुळे झटका हा शब्द बाबानंच गावाला शिकवला.

"कोटी सूर्यांची शक्ती है माय में!" बाबा गरजत होता. "पापी का हाथ लगा, के झटका! पुण्यवान का हाथ लगा, के शांती!"

शांती म्हणताना तो डोळे मिटायचा, पण एक डोळा दक्षिणेच्या ताटावर किलकिलता ठेवायचा.

मनकर्णाबाई बायकांच्या घोळक्यात पुढेच उभ्या होत्या. हे सारं त्यांच्याच एकदाणीपायी चाललं होतं. सोन्याची ती माळ पेटीतून नाहीशी झाली, आणि त्यांचे यजमान दौलतराव यांनी लागलीच तांड्यावरच्या धनीबाईचं नाव घेतलं. धनीबाई त्यांच्या घरी झाडलोट करायची. पंचांनी ठरवलं की देवीनं झटका दिला तर धनीबाई चोर, आणि सारा तांडा शिवारातून उठवायचा. मनकर्णाबाईंच्या मनाला हे पटत नव्हतं. उघडं घर त्यांनी कितीदा तरी धनीच्या भरवशावर टाकलं होतं आणि कधी ज्वारीचा दाणा हलला नव्हता. पण नवऱ्यापुढे बोलणार कोण?

शपथ ओलेत्यानं घ्यायची, हा गावाचा जुना रिवाज. बाबाच्या चेल्यानं मिठाच्या पाण्याच्या दोन बादल्या भरून ठेवल्या होत्या; एकीतून घागर भरून त्यानं ती धनीबाईवर रिकामी केली. ती कुडकुडत पत्र्यावर चढली आणि मुखवट्याला हात लावताच किंचाळून मागे पडली.

"चोर! चोर!" मांडव ओरडला.

मग दौलतराव शपथेला आले. ते फिर्यादी, शिवाय दक्षिणा देणारे. बाबानं स्वतः त्यांच्या तळहातांना, तळपायांना भस्म चोळलं. त्यांनी मुखवटा गच्च धरला. काही झालं नाही. दौलतराव जावयासारखे ऐटीत सगळीकडे पाहू लागले.

मनकर्णाबाईंच्या डोक्यात तेव्हाच काहीतरी खटकलं.

"पुंजा," त्या शेजारी उभ्या असलेल्या भावाला म्हणाल्या, "तिच्यावर घागर ओतली, अन् ह्यायले राख काहून लावली रे?"

पुंजाजी वाशीमच्या शाळेत विज्ञान शिकवायचा. अकोल्याहून शाळेसाठी नवे मीटर घेऊन परतताना तो बहिणीकडे उतरला होता. त्यानं बहिणीकडे पाहिलं आणि थैलीत हात घातला.

"बाबा, कोटी सूर्य हायेत म्हणता. मोजून पाहू?"

"यंत्र फुट जायेगा!"

"फुटू द्या. शाळेले भरून देतो मी."

मांडव हसला, आणि आता नाही म्हणायची बाबाची सोय उरली नाही. पुंजाजीनं एका मीटरची एक तार मुखवट्याला लावली, दुसरी पत्र्याला. काटा सरकून नव्वदवर थांबला.

"नव्वद व्होल्ट. हा झाला रेटा. आता धार पाहू."

त्यानं दुसऱ्या मीटरची एक तार मुखवट्याला अडकवली, भस्म चोळून घेतलं, पत्र्यावर चढून दुसरी तार हातात धरली. काटा जेमतेम हलला. "एक मिलिअँपिअर. म्हणजे अँपिअरचा हजारावा भाग. मी पुण्यवान!" मग त्या बादलीत उरलेलं पाणी स्वतःवर ओतून घेऊन त्यानं पुन्हा तार धरली. काटा तीसवर गेला आणि मास्तर टुणकन उडी मारून पत्र्याबाहेर आले.

"पाहा बापा!" तो हात झटकत म्हणाला. "एवढ्या वेळात मी कोणतं पाप केलं? पाणीच तं ओतलं!"

भस्म जमिनीवर पसरून त्यानं बोटानं हिशेब मांडला. "मोटेचं पाणी पाटात येते. रेटा तेवढाच, पण पाटात ढेकळं असली तं धार बारीक. व्होल्टले अँपिअरनं भागलं का वाटेतला अडथळा निघते. कोरड्या अंगाचा नव्वद हजार ओहम, ओल्याचा फक्त तीन हजार. देवी पाप नाही पाहून राह्यली, ओल पाहून राह्यली."

"अन् शक्ती?" कोणीतरी विचारलं.

"व्होल्ट गुणिले अँपिअर. दोन पूर्णांक सात दशांश वॅट. टॉर्चचे तीन-चार दिवे लागतीन. बाकीचे सूर्य बाबानं कुठं ठेवले, त्यायलेच विचारा."

मनकर्णाबाईंनी मागे जाऊन चौरंगावरची शाल ओढली. खाली रेडिओला लागते तसली नव्वद व्होल्टची ठोकळ्याएवढी बॅटरी होती. तिची एक तार मुखवट्याला गेली होती, दुसरी पत्र्याला. मग त्यांनी दुसरी, भरलेली बादली उचलली आणि नवऱ्यासमोर उभ्या राहिल्या.

"अवो, आता तुमी ओले व्हा."

दौलतरावांचा चेहरा भस्मासारखा झाला. "नको वं! मीच देल्ली एकदाणी बाबाले! गुप्तधन काढून देतो म्हणे. कोनाले सांगू नको म्हणे!"

बाबा स्टेशनाकडे पळाला, पण गाडीला अवकाश होता. एकदाणी त्याच्या झोळीत सापडली.

तरी एक म्हातारा मान हलवत म्हणाला, "म्हणजे शेवटी देवीनंच कबूल करवलं ना!"

"पाणी अजून बादलीतच हाये, आजा," पुंजाजी म्हणाला. "ते भेवानं बोलले."

तेव्हा धनीबाई पहिल्यांदा बोलली. ओल्या लुगड्यात ती अजून थरथरत होती. "मास्तर, आनखी एक झटका बसता ना, तं मीबी हो म्हणलं असतं. मीच चोरली म्हणून."

मनकर्णाबाईंनी बादली खाली ठेवली, बाबाची शाल धनीबाईच्या अंगावर घातली आणि "माह्यं चुकलं धनी, मी आधीच बोलाले पायजे होतं," असं सगळ्यांदेखत म्हणाल्या.

देव खरा की खोटा, हा वाद ज्याचा त्यानं घालावा. पण देवाच्या नावानं कोणी कुणाला चोर ठरवू लागला, तर हात जोडण्याआधी एवढं विचारा: ओलं कुणाला केलं, आणि कोरडं कुणाला ठेवलं?