ऑईल वर येईपर्यंत

बोलायला माणूस उरला नाही की माणूस यंत्राशी बोलायला लागतो. येवल्याजवळच्या मळ्यात एकटे राहणारे रंगनाथअण्णा रोज सकाळी शेडमधल्या ट्रॅक्टरला ‘काय बुवा’ म्हणत. ट्रॅक्टर उत्तर देत नसे, पण मध्येच फोन तरी ठेवत नसे.

बायको, बयाबाई, गेली त्या पावसाळ्यात ट्रॅक्टर आत ढकलला होता, त्याला तीन वर्षं होत आली. नांगरट भाड्याच्या ट्रॅक्टरने व्हायची. एकुलती एक लेक हर्षाली नाशकात द्वारका चौकाजवळ नवऱ्याबरोबर फ्लॅटमध्ये राहायची आणि फोनवर एकच पालुपद लावायची: मळा वाट्याने द्या नि इकडे या. अण्णा म्हणायचे, माझं मला होतंय. शेवटी ती वैतागली. एवढं होतंय तर ट्रॅक्टर चालू करून दाखवा, म्हणाली. झाला तर हा विषय पुन्हा काढणार नाही. नाही झाला तर दिवाळीच्या आत इकडे यायचं. अण्णाही हट्टाला पेटले आणि बोल देऊन बसले.

फार दिवस उभं राहिलेलं इंजिन एकदम पेटवायचं नसतं. ऑईल सगळं खाली बसलेलं असतं, वरचे भाग कोरडे ठणठणीत. तसंच पेटवलं तर लोखंड लोखंडाला खातं. म्हणून आधी स्टॉपर ओढून डिझेल तोडायचं आणि नुसता सेल, म्हणजे स्टार्टर, मारायचा. इंजिन न पेटता फिरतं आणि पंप ऑईल वर चढवतो. वरचं झाकण काढून कुणीतरी बघत उभं राहायचं. ऑईल ओघळताना दिसलं, की मगच पेटवायचं.

काम दोघांचं. पावसाळा सरला की अण्णा सीटवर बसत आणि बयाबाई कांद्याच्या क्रेटवर उभी राहून, पदर सावरत इंजिनात डोकावे. ‘आलं,’ म्हणायची. वर दुसरं अक्षर नाही. ऑईलचं मीटर कधीच मेलं होतं, पण ती असताना त्याची कुणाला आठवणही झाली नाही.

आता तिच्या जागी कोण? शेजारच्या वस्तीवरचा सोमनाथ हाकेसरशी आला असता. पण अट हर्षालीची, तेव्हा बघणारीही तीच हवी होती. अण्णांनी ऑईल बदललं, नवा फिल्टर बसवला, बॅटरी चार्ज करून आणली. रविवारी सकाळी लेकीला व्हिडिओ कॉल लावला आणि तिला नेमकं उघडं इंजिन दिसेल असा फोन सुतळीने सायलेन्सरला बांधला. काय बघायचं ते इतक्यांदा समजावलं, की मी काय कुक्कुलं बाळ आहे का, असं ती म्हणाली.

सीटवरून फोनची नुसती पाठ दिसत होती. अण्णांनी स्टॉपर ओढून सेल मारला, थांबले, विचारलं. अजून नाही, असं उत्तर आलं. बॅटरीला जरा दम खाऊ दिला, पुन्हा मारला. तरी नाही. सेलची घरघर उतरत चालली आणि अण्णांचा धीरही. पंपात हवा धरली असणार, उतरून फिल्टर खोलावा, हे त्यांना कळत होतं. पण शेवटचं एकदा बघू म्हणून त्यांनी चावी फिरवली, आणि घरघरीतून लेकीचा आवाज आला.

“आले, आले!”

फोनच्या चिरक्या आवाजात ‘आलं’ काय नि ‘आले’ काय. अण्णांना कुठेतरी खटकलं. उतरून बघायला कितीसा वेळ लागला असता? पण तीन वर्षांनी कुणीतरी त्यांच्यासाठी तो शब्द उच्चारला होता, आणि त्यांना तो खरा हवा होता. त्यांनी स्टॉपर आत ढकलला आणि चावी फिरवली.

इंजिन पेटलं. शेड धुराने भरली, पत्रे थरथरले आणि अण्णांच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. ते सुख फार टिकलं नाही. आधी टकटक झाली, मग ठणठण, मग पोटातून एक करकर आली आणि इंजिन जागीच जाम झालं. अण्णांनी उतरून आत बोट फिरवलं. बोट कोरडं निघालं.

फोनमध्ये रिकामी खुर्ची दिसत होती. एवढ्यात हर्षाली परत येऊन बसली. पार्सलवाला बेलवर बेल मारत होता, म्हणून ‘आले, आले’ अशी ओ देऊन दाराशी गेले होते, असं सांगून तिने विचारलं, “झाला का हो चालू?”

खरं सांगितलं असतं तर पोरीने जन्मभर मनाला लावून घेतलं असतं. आणि चूक तिची नव्हतीच. न उतरणारे अण्णाच होते.

“नाय झाला, बाई. लय जुनं झालंय इंजिन,” ते म्हणाले. “बोल दिला व्हता तुला. येतो मी.”

हर्षाली हरखली. त्यांची खोली, गॅलरी, खालची बाग, सगळं भराभर सांगत सुटली. अण्णांनी ते पुरतं ऐकून घेतलं. मग त्यांनी विचारलं, “दिवसा घरात कोन असतं गं?”

“दिवसा?” ती अडखळली. “आम्ही दोघं सकाळी निघतो ते रात्रीच येतो, अण्णा. पण टीव्ही आहे ना.”

अण्णा बरं म्हणाले, आणि तिला वाईट वाटू नये म्हणून टीव्ही केवढा आहे तेही त्यांनी विचारलं.