दुसरा रिमोट

रविराजच्या घरात माफी मागायची पद्धत नव्हती. म्हणजे, शब्दाने मागायची नव्हती. कोयनानगरच्या धरण वसाहतीत तो आणि त्याची दोन वर्षांनी मोठी बहीण माया वाढले, तेव्हा भांडणं रोजचीच होती. पण टीव्हीला जोडायच्या खेळाला दोन रिमोट होते, आणि ज्याची चूक असेल त्याने दुसरा रिमोट मुकाट्याने समोरच्याच्या मांडीवर ठेवायचा, असं ठरून गेलं होतं. मग दोघं 'दोरी' खेळायला बसत. पडद्यावर एकाच दोरीला बांधलेले दोन गडी डोंगर चढायचे. एक घसरला की दुसऱ्याने ओढून घ्यायचं. दोघांनी मिळून एक डोंगर सर केला की भांडण मिटलं. त्याआधी नाही. खेळताना भूकंपाचा बारीक धक्का येऊन मांडणीवरची भांडी वाजली, तरी कुणी रिमोट सोडत नसे.

आता रविराज फौजेत सदतीस वर्षांचा हवालदार होता आणि चूक साधीसुधी नव्हती.

तीन वर्षांपूर्वी ऐन पावसाळ्यात त्यांचे वडील, आबा, गेले. घाटात दरड कोसळलेली, रविराज पार वरच्या सरहद्दीवर. मायाने दीड दिवस वाट पाहिली आणि मग स्वतः अग्नी दिला. तिसऱ्या दिवशी रविराज पोचला आणि चार माणसांत तिला म्हणाला, "पोरगा जित्ता असताना तुला कुणी सांगितला हुता ह्यो शानपणा?" उचलली जीभ लावली टाळ्याला. बापाचं तोंड बघायला मिळालं नाही याचा राग होता तो, आणि काढायला बहीण सापडली. मायाने पिशवी भरली आणि सांगलीला आपल्या घरी गेली. त्यानंतर ना राखी, ना फोन.

यंदा आबांच्या श्राद्धाला त्याला रजा मिळाली. मायाही येणार होती, सकाळी येऊन साडेचारच्या एसटीने परत. आई शालूबाई फोनवर एवढंच म्हणाली, "मिटवा रं बाबांनो. मी आजून किती दिस पुरणार हाय?"

मिटवायचं कसं, हे काही त्याला सुचत नव्हतं. मग छावणीजवळच्या दुकानात त्याला 'दोरी'चा नवा अवतार दिसला. खोक्यावर तेच दोन गडी, तीच दोरी. रविराजला भर दुकानात हुंदका आला आणि त्याने तो खोकल्यावर ढकलला. त्याने खेळाचं यंत्र घेतलं, दुसरा रिमोट घेतला (तो आता वेगळा विकत घ्यावा लागतो) आणि सगळं ट्रंकेत लोकरी कपड्यांत गुंडाळून गावी आणलं.

घरी खोकं फोडलं तर आत खेळच नव्हता. एक चिठ्ठी होती आणि तिच्यावर पंधरा-वीस इंग्रजी अक्षरं. खेळ नेटवरून उतरवून घ्यायचा म्हणे. पूर्वी कॅसेटवर फुंकर मारून ती खुपसली की झालं. आता म्हणजे बाजारातून नारळ आणावा आणि फोडल्यावर आत माडाचा पत्ता निघावा, अशी गत. त्यात कोयनेच्या खोऱ्यातली रेंज. यंत्राने सांगितलं, अकरा दिवस लागतील. श्राद्ध तीन दिवसांवर.

रविराज यंत्र पिशवीत घालून एसटीने पाटणला उतरला. तिथे त्याचा मावसभाऊ कुणाल मोबाईल दुरुस्तीचं दुकान चालवायचा, त्याच्याकडे चांगलं नेट होतं. दोन दिवस हवालदारसाहेब प्लास्टिकच्या स्टुलावर बसून पडद्यावरची रेघ भरताना बघत होते.

"दादा, हल्ली समदं असंच हाय," कुणाल म्हणाला. "पैसं आपुन द्यायचं, आन् वस्तू त्यांचीच."

"मग आपलं काय?"

"आपली हौस."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी रेघ भरली. कुणाल म्हणाला, एकदा लावून बघ. रविराजने ऐकलं नाही. पहिला डोंगर मायाअक्कासोबतच चढायचा, असं त्याने मनाशी धरलं होतं.

श्राद्धाच्या दिवशी माया आली. तिने पानं वाढली, कावळ्याला घास ठेवला, पण भावाला मीठसुद्धा आईच्या हातून दिलं. जेवणं उरकली, अडीच वाजले. माया भिंतीला टेकून बसली. रविराजने टीव्ही लावला आणि एक अक्षर न बोलता दुसरा रिमोट तिच्या मांडीवर ठेवला.

मायाने रिमोटकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. शालूबाई दारात हात पुसत थांबली.

"गाढवा," माया म्हणाली. तिने रिमोट दोन्ही हातांत धरला आणि ती पडद्याकडे तोंड करून नीट मांडी घालून बसली. रविराजच्या छातीवरचा धोंडा हलला. गोष्ट इथेच थांबली असती तर किती बरं झालं असतं, पण खेळ अजून सुरू व्हायचा होता.

आधी खेळाची नवी सुधारणा नेटवरून उतरायची होती. मोबाईल खिडकीत धरून रविराज पाऊण तास उभा. मग पानंच्या पानं अटी, 'मान्य', 'मान्य'. मग फोनवर येणारा आकडा, तो लवकर येईना. मग दुकान उघडलं: सोन्याची दोरी, न तुटणारी दोरी, आजच्या दिवसापुरतीच सवलत. ते कसंबसं बंद केलं तेव्हा पावणेचार झाले होते. अखेर डोंगर दिसला. पायथ्याशी एकच गडी उभा. त्याच्या कमरेची दोरी मोकळीच लोंबत होती.

"मी कुठं हाय?" मायाने विचारलं. तिच्या रिमोटचा दिवा नुसता लुकलुकत होता.

रविराजने कुणालला फोन लावला. "दादा, शेजारी बसून खेळायचं काढून टाकलंय त्यांनी," कुणाल म्हणाला. "दुसऱ्याला दुसरं यंत्र पायजे, दुसरा खेळ पायजे. न्हाईतर त्यांचा धंदा कसा हुणार? तिथं 'मित्राला बोलवा' आसंल, ते दाबून बघ."

त्याने दाबलं. फोनवरच्या नावांची यादी आली. त्याने 'अक्का' निवडलं आणि त्याच्याच नंबरवरून निरोप गेला.

मायाच्या पर्समध्ये फोन वाजला. तिने उघडून वाचलं. मग फोन त्याच्यासमोर धरला. वर तीन वर्षांपूर्वीचा तिचा निरोप होता: 'आबा गेले. लवकर ये.' त्याखाली आजचा: 'रविराजने तुम्हाला बोलावले आहे! आत्ताच सामील व्हा आणि शंभर नाणी मिळवा!'

"तीन वर्सानं एवढंच आलं व्हय रं तुझ्याकडनं?"

अक्का, चुकलं माझं. एवढं म्हणायचं होतं. शब्द पार जिभेवर आले होते, पण तोंडातून निघालं भलतंच. "ही कंपनीच चोर हाय, अक्का."

"आसंल," माया उठत म्हणाली. "पर चार माणसांत मला जे बोललास, ते कंपनी न्हाई बोलली."

तिने रिमोट त्याच्या खोक्यात ठेवला, झाकण लावलं, आईच्या पाया पडली आणि निघाली. शालूबाई तिच्यामागे कोपऱ्यापर्यंत गेली. रविराज दारात उभा राहिला. साडेचारची एसटी वेळेवर आली, एरवी कधी येत नाही.

तो आत आला तेव्हा टीव्ही चालूच होता. पडद्यावर एक चौकट आली होती. 'तुमचा मित्र अजून आलेला नाही. पुन्हा आठवण करून देऊ?' खाली दोन बटणं होती, 'हो' आणि 'नंतर'. 'नाही' असं बटण त्याने सगळीकडे शोधलं, ते कुठेच नव्हतं.

रविराजने 'नंतर' दाबलं.